बाद झालेले आवाज

३ एप्रिल, गुरुवार

साडेपाचला उठलो. आज नळाचा दिवस होता. दोन्ही टाक्या आणि एक पिंप भरलं. चहा, दोन पाव. दुपारी वरणभात केला, वरणात मीठ टाकायचं राहिलं. जठारपेठेतून दूध आणि ही वही आणली. ऊन बेचाळीसच्या वर. संध्याकाळी कोणी आलं नाही.

पद्माला जाऊन आज पन्नास दिवस झाले.

वही आरतीच्या सांगण्यावरून. काल फोनवर म्हणाली, "बाबा, तुमी कोणापाशी बोलत नाही, तं लिहा तरी." मी तेहतीस वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत होतो. नमुन्यांच्या नोंदवहीशिवाय काही लिहिलेलं नाही. क्रमांक, गाव, रंग, शेरा. तसंच लिहीन.

६ एप्रिल, रविवार

आरती अमरावतीहून आली. तिनं पद्माच्या साड्या कपाटातून काढल्या, घड्या मोडून परत घातल्या आणि होत्या तिथंच ठेवल्या. जेवताना विचारलं, "बाबा, तुमच्या फोनमधे आईचं बोलणं आहे का काही?"

"फोनमधे कसं राहीन बोलणं?"

"तसं नाही हो. रेकॉर्ड केलेलं."

माझा फोन साधा आहे. पद्माचा फोन चांगला होता, पण ती कोणाला आवाजी निरोप पाठवत नसे, सरळ फोन लावत असे. आरतीनं डिसेंबरात फोन बदलला, त्यात जुनं सगळं गेलं. तिच्या लग्नाच्या व्हिडिओत पद्मा अकरा ठिकाणी आहे आणि अकराही ठिकाणी बँड वाजतो आहे. आम्ही दोघांनी बसून पाहिलं. तोंड हलताना दिसतं.

मग आरती म्हणाली, "पण आवाजपेढीत तं आहे आई."

मला काही कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिनं पद्माला अमरावतीत एका कार्यक्रमाला नेलं होतं. निखत नावाची कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी बाई आहे, तिचा. तिथं शिकवलं की फोनवर एक वाक्य येतं, ते मोठ्यानं वाचायचं, बटन दाबायचं, की आवाज जमा. पद्मानं घरी येऊन तो सगळा उन्हाळा वाचलं.

"तुमाले माहीतच नाही?"

फोनसमोर बसून काहीतरी वाचायची एवढं माहीत होतं. मला वाटलं, स्तोत्र.

"मले हसून सांगे," आरती म्हणाली, "तुही माय नापास झाली, एकही वाक्य पास नाही झालं."

हे मला पटलं नाही. पद्मा चांदूर बाजारची, लग्नाआधी आणि नंतर मिळून एकवीस वर्षं बालवाडी शिकवलेली. ती नापास कशी होईल?

८ एप्रिल, मंगळवार

आरतीनं नंबर दिला होता. दुपारभर फोन करावा की नाही असा विचार केला. चारला केला.

निखत बोलायला चांगली आहे. लगेच काका म्हणाली. पद्मा तिला आठवली. "त्या कार्यक्रमात सगळ्यांत आधी उठून वाचलं होतं काकूंनी. त्या गेल्याची मले खबरच नव्हती हो."

तिनं समजावून सांगितलं ते असं. यंत्राला मराठी समजत नाही, कारण त्यानं ती ऐकलेली नाही. मोठ्या कंपन्यांकडे आवाज आहेत, पण कुलपात. म्हणून काही लोकांनी जगभर लोकांचे आवाज गोळा करणं सुरू केलं. कोणीही द्यावा, कोणीही न्यावा, पैसे नाहीत. निखतलाही पगार नाही. मालक कोण, असं मी विचारलं.

"कोणीच नाही काका. गावातल्या विहिरीसारखं."

"विहिरीवर भांडणं होतात."

"इथंही रोज होतात," ती म्हणाली.

प्रत्येक वाक्य दोन माणसं ऐकतात. दोघांनी 'हो' म्हटलं तर ते गठ्ठ्यात जातं, तो कायमचा सगळ्यांसाठी मोकळा. दोघांनी 'नाही' म्हटलं तर बाद. आरती सांगते त्यावरून पद्माचे सगळे बाद. कुठले ते शोधता येत नाहीत, कारण तिनं खातं काढलं नव्हतं. नाव नाही, गाव नाही, नुसता क्रमांक.

आता अडचण अशी की परदेशातल्या ज्या संस्थेच्या यंत्रांवर हे सगळं ठेवलं आहे, तिनं जागा द्यायचं थांबवलं. शेवटचा दिवस एकतीस मे. दुसरीकडे थोडी जागा मिळाली आहे, त्यात पास झालेले आवाज मावतील. बाद झालेले पुसले जातील. मराठीत असे चार हजार तीनशे आहेत. पुसण्याआधी त्यांना एक संधी म्हणून फेरतपासणी ठेवली आहे, पण ऐकायला माणसं नाहीत.

"ऐकणाऱ्याला काय यावं लागतं?" मी विचारलं.

"कान, काका. आणि टाइम."

१० एप्रिल, गुरुवार

आरतीचा घरी पडलेला जुना लॅपटॉप सुरू केला, कानात इअरफोन घातले. आज एकशे दहा वाक्यं ऐकली.

नियम तीन. लिहिलं आहे तेच वाचलेलं असावं. स्पष्ट असावं. मागे दुसऱ्या माणसाचं बोलणं नसावं. खाली दोन बटनं. मला हे काम कळतं. आमच्याकडे एका शेताच्या मातीत दुसऱ्या शेताची माती मिसळलेली निघाली की नोंदवहीत लिहायचो, 'मिश्र. बाद.' शेतकरी हातापाया पडला तरी.

वहीच्या मागच्या पानांपासून उलटी नोंद ठेवतो आहे. क्रमांक, शेरा.

पद्मा नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

साडेसहाशे झाले. सकाळी दोन तास, जेवून तीन तास.

डोळे मिटून ऐकावं लागतं. मग असं वाटतं की आपण एका लांब ओसरीवर बसलो आहोत आणि माणसं एकेक करून येतात, एक वाक्य बोलतात आणि जातात. त्यांना मी दिसत नाही. एक म्हातारा प्रत्येक वाक्याआधी खाकरतो, 'उद्या बँका बंद राहतील' हेसुद्धा शोकसभेत बोलल्यासारखं सांगतो. एका मुलीच्या मागे कापसाच्या जिनिंगचं यंत्र चालू आहे. एकीच्या मागे बकरी. बकरी नेमकी वाक्य संपताना बोलते. मी निखतला विचारलं, हे दुसऱ्याचं बोलणं धरायचं का?

"बकरीची परवानगी लागत नाही काका. पास करा."

"म्हणजे माणसाची लागते?"

"हौ. मागे बोलणाऱ्यानं आपला आवाज दिलेला नसतो ना. त्याले न विचारता जगाले कसा वाटायचा?"

नियम योग्य आहे. दुपारी एका मुलाचं 'आई, भूक लागली' मागे आलं. बाद केलं.

१९ एप्रिल, शनिवार

आज एक बाई सापडली. सापडली म्हणजे पद्मा नाही, पण ऐकत राहावं असा आवाज. शुद्ध, स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं ठेवलेलं. 'बागेत येणाऱ्यांनी फुले तोडू नयेत.' पुण्याकडची असावी. सुरुवातीला काहीतरी खर्र खर्र करत थांबतं आणि मग पाण्याचे थेंब पडत राहतात. पावसात वळचणीखाली बसून वाचत असेल.

पण मागे एक माणूस आहे. पहिल्यात म्हणतो, "झालं का?" दुसऱ्यात, "चष्मा कुठी ठेवला माहा?" तिसऱ्यात, "आता पुरे कर." बोलणं इकडचंच, अकोल्याचं म्हणावं असं. बाई तिकडची आणि नवरा इकडचा, अशी जोडपी क्वचित. आवाज चिरका आणि कटकट्या. बाई काही बोलत नाही, वाक्य तेवढं पूर्ण करते.

तिन्ही बाद केली. वाईट वाटलं. एवढ्या चांगल्या वाचणारीला घरी असा माणूस असावा.

आमच्यात तसं नव्हतं. भांडण कधी झालंच नाही. मी घरात आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

दीड हजार झाले. पद्मा नाही.

आज डोक्यात राग होता. मला आता कळतं आहे की तिला नापास कोणी केलं. आपल्या बोलण्याला हसणारे लोक. तिच्या 'मले' आणि 'तुले'ला त्यांनी खाली ओढलं असणार. मी निखतला तसं स्पष्ट म्हणालो. आयुष्यात कोणाला इतकं बोललो नसेन.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "काका, त्या वर्षी तपासणारे बारा जण होते. सात आपल्या अमरावतीचे, एक अचलपूरचा. पुण्याची एकच पोरगी होती, ते तं सगळ्यांले पास करे. आमीच वैतागलो होतो तिले."

मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, राहू द्या, विहिरीवर आलात तर भांडण होईनच.

२६ एप्रिल, शनिवार

पुण्याच्या बाईची अजून दोन आली. तोच माणूस. एकात नुसता खोकतो, खोकला धरायचा नाही असं ठरलं आहे, पण मग विचारतो, "चहा होईन का नाही आज?" बाद.

२ मे, शुक्रवार

दोन हजार सहाशे.

दुपारी पडलो असताना पद्माचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. मी ज्याची वाट पाहतो तो 'जेवता का?' असा आहे. स्वयंपाकघरातून येणारा, 'का' किंचित वर जाणारा. शब्द येतात पण आवाज येत नाही. लग्नातल्या व्हिडिओसारखं, तोंड हलताना दिसतं. डोळा लागला आणि ओसरीवरची सगळी माणसं आली. खाकरणारा म्हातारा, जिनिंगवाली, बकरीवाली बकरीसकट. मी प्रत्येकाला विचारत होतो, मागे पद्मा आहे का रांगेत? ते म्हणत होते, आहे आहे, येऊन राहिली.

उठलो तेव्हा उशी ओली होती. ऊन चव्वेचाळीस, घाम असेल.

७ मे, बुधवार

पुण्याच्या बाईची आणखी दोन. एकूण सात. सातही बाद.

आरतीचा फोन. अजून कूलर लावला नाही म्हणून रागावली. एकट्यासाठी कशाला, असं मी म्हणालो. "मरता का तिथं उकडून? मले अजून एक तेरवी नाही करायची," असं ती बोलून गेली आणि मग रडली. उद्या लावतो म्हणालो.

८ मे, गुरुवार

सकाळी कूलर माळ्यावरून काढला. गेल्या वर्षीच्या गवताच्या ताट्या कुजल्या होत्या, नव्या आणून बसवल्या. पंप साफ केला. खिडकीत लावून पाणी भरलं. ओल्या गवताचा वास घरभर आला. हा वास तिला आवडायचा. जेवून त्याच्यासमोर पडलो. बऱ्याच दिवसांनी गार लागलं.

अडीचच्या सुमारास वीज गेली.

कूलरचं पातं हळू होत गेलं. ते एका बाजूनं जाळीला घासतं, बरीच वर्षं घासतं, नीट करायचं राहून गेलं. खर्र, खर्र, खर्र. मग थांबलं. मग ताट्यांमधून पाणी खालच्या टाकीत थेंब थेंब पडू लागलं.

मी उठून बसलो.

वीज सव्वाचारला आली. लॅपटॉप सुरू केला. वहीच्या मागच्या पानांवरून सात क्रमांक काढले आणि एकामागून एक ऐकले.

पाऊस नाही. आमचा कूलर आहे. ती तो बंद करून वाचायला बसायची. मेमध्ये.

वाचताना तिचा आवाज असा होत असे हे मला माहीत नव्हतं. चाळीस मुलांसमोर बालवाडीत ती असंच बोलत असेल. मी कधी गेलो नाही.

तो माणूस मी आहे.

९ मे, शुक्रवार

चहा केला नाही. दहाला निखतला फोन केला.

"काकू सापडल्या?"

"सापडल्या. सात आहेत. मी सातही बाद केले."

"काहून?"

"मागे माणूस बोलतो."

तिनं यंत्रावर पाहिलं. चारांवर माझ्या एकट्याचंच 'नाही' होतं. उरलेल्या तिन्हींवर आणखी एकाचंही पडलं होतं, ती यादीतून निघाली होती. दिलेलं मत परत घेता येत नाही, तशी सोयच कोणी केलेली नाही. आणि मत परत घेतलं तरी नियम आहेच. ती हळू म्हणाली, "परवानगीशिवाय नाही घेता येत काका. तो माणूस कोण, कुठला, कोण शोधणार?"

"त्याची परवानगी मी आणू शकतो."

"ओळखता तुमी त्याले?"

"हो," मी म्हणालो. "ओळखतो."

तिला लगेच समजलं असावं. गटावर विचारून पाहते म्हणाली.

११ मे, रविवार

निखतनं त्यांच्या गटावर दोन गोष्टी मांडल्या. मला वाचायला पाठवलं, इंग्रजीत, पण कळलं. एक, दिलेलं मत परत घेण्याचं बटन हवं. दोन, मागे बोलणाऱ्यानं स्वतः येऊन परवानगी दिली तर तो आवाज ठेवावा का?

दुसरीवर काल दिवसभर भांडण झालं. एक म्हणाला, असले मिसळलेले आवाज यंत्राला बिघडवतील. दुसरी म्हणाली, उलट यंत्र स्टुडिओतलं बोलणंच शिकलं आहे म्हणून लोकांच्या घरात बहिरं होतं, तेव्हा असे आवाज वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. नियम मोडायचा नाही असं तिसरा पाच वेळा म्हणाला. तो मला माझ्यासारखा वाटला. शेवटी वेगळा गठ्ठा ठरला, 'घरातले आवाज'.

बटनाबद्दल कोणी काही बोललं नाही. आज सकाळी उठून पाहतो तर बटन होतं. कोणीतरी बसून ते लिहिलं होतं. नावाच्या जागी तीन अक्षरं, देश माहीत नाही. तिकडे तेव्हा दिवस असेल.

'परत घ्या' दाबलं की एक चौकट येते, कारण लिहा. सात वेळा लिहिलं, 'चूक झाली.'

१४ मे, बुधवार

राहिलेले आवाज ऐकत होतो. तीन हजार आठशेच्या पुढे. आता 'खर्र' ऐकू आलं की हात थांबतो. आज आठवं आलं.

वाक्य साधंच. 'पुढील गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे.' कूलर थांबतो, थेंब पडतात, ती सुरू करते. "पुढील गाडी फलाट क्रमांक..."

मागून मी. "कोण ऐकते तुहं हे? कूलर लाव, जीव चालला माहा."

थोडा वेळ नुसते थेंब. मग ती बोलते, वाचण्याच्या नाही, घरातल्या आवाजात, तोंड वळवून, हसू दाबत.

"तुमी नाई ऐकत तं मशीन ऐकते. गप बसा दोन मिनटं, मंग लावते."

आणि लगेच परत बालवाडीतल्या आवाजात, "...दोनवर येत आहे."

अकरा सेकंद आहे. 'मंग लावते'मधला 'ते' किंचित वर जातो.

आज पुढे काही ऐकलं नाही. जेवण केलं नाही. नोंद केली. क्रमांक लिहिला, शेऱ्याची जागा रिकामी ठेवली.

१८ मे, रविवार

सकाळच्या गाडीनं अमरावती. परवानगी तोंडी द्यावी लागते, यंत्रासमोर, साक्षीदार बसवून, म्हणून जावं लागलं. आरतीच्या घरी निखत आली. तिशीची, ठेंगणी, मोठी पिशवी घेऊन. तिच्या आईनं, कुलसुमबीनं, माझ्यासाठी डब्यात शेवयांचा शिरखुर्मा दिला होता. "अम्मीनं सांगतलं, काका एकटे राहतात, डबा परत करू नका, पुढच्या वेळी आणा."

आधी तिनं आठही वाक्यं लावली. आरती पहिल्यांदाच ऐकत होती. सातपर्यंत ती ओढणीचं टोक पिळत बसली. आठव्याला तिनं तोंडावर हात ठेवला. संपल्यावर म्हणाली, "परत." परत लावलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "असेच बोलत होते तुमी."

मी म्हणालो, "मले आठवत नाही."

"आमाले आठवते."

नंतर निखतनं तिचं काम केलं. सरळ बोलते ती, बरं वाटतं. "काका, एक सांगते, मग ठरवा. हे एकदा दिलं की परत घेता येत नाही. जगातला कोणीही ऐकीन, कुठंही वापरीन. कोणी हसू पण शकते. दुसरा रस्ता आहे. मी तुमचं बोलणं कापून देते. काकूंचं तेवढं वाक्य ठेवते, साफ. मग परवानगीचीही गरज नाही, सरळ मोठ्या गठ्ठ्यात जाईन."

"तसंच करा," आरती म्हणाली. "बाबा, काहून ठेवता ते? चार लोकांनी ऐकावं असं आहे का? आईचं तेवढं राहू द्या."

मी सातांसाठी हो म्हणणार होतो. त्यात पद्मा वाक्याबाहेर बोलतच नाही, माझं कापलं तर काही जात नाही. पण मग आठव्याचा विचार आला.

"याच्यातलं कापलं तर काय राहीन?"

निखतनं यंत्रावर दाखवलं. माझं काढलं की तिचं उत्तरही काढावं लागतं, कारण वाक्यात ते नाही. राहते ती फलाट क्रमांक दोनवर येणारी गाडी.

"उत्तर तेवढं ठेवता येत नाही?"

"येते. पण मग काकू कोणाशी बोलून राहिल्या, ते कोणाले समजीन?"

आरती उठून आत गेली. भांडी वाजत होती. खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत गेला. मी म्हणालो, "आठही जसे आहेत तसे ठेवा."

"पक्कं?"

"मिश्र नमुना आहे. तसाच लिहा."

मग मी यंत्रासमोर बसलो. वाचायचा मजकूर कागदावर होता. 'या ध्वनिमुद्रणात मागे येणारा आवाज माझा आहे. तो कोणीही, केव्हाही, कोणत्याही कामासाठी वापरावा, यास माझी हरकत नाही.' पुढे नाव आणि तारीख. पहिल्या वेळी पहिल्या वाक्यानंतर माझा आवाज गेला. दुसऱ्या वेळी भंगारवाला परत आला. निखत म्हणाली, "काका, परत एकदा. त्याची परवानगी नाही आपल्याजवळ." आरती दारात येऊन उभी होती, ती हसली.

तिसऱ्या वेळी पूर्ण वाचलं. सूर्यभान गावंडे, अकोला.

निघताना आरतीनं पिशवीत भाकरी आणि ठेचा दिला आणि म्हणाली, "पोहोचले की फोन करा. उचलून नुसतं 'हूं' नका करू."

२९ मे, गुरुवार

चार हजार तीनशे पूर्ण झाले. माझ्याशिवाय आणखी चार जण ऐकत होते असं कळलं. कोण ते माहीत नाही. एक हजार सहाशे परत घेतले गेले. 'आई, भूक लागली' म्हणणारा मुलगा बादच राहिला, त्याची आई कोण ते कळायला मार्ग नाही. ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे. त्याचा काही उपयोग नाही.

पद्माचे आठच. बाकीचे कुठे असतील तर मी ओळखले नाहीत.

१ जून, रविवार

निखतनं सांगितलं होतं की तिकडची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. मी उठतोच तेव्हा. लॅपटॉप लावून बसलो. साडेपाच वाजून गेले तरी जुनं पान दिसत होतं. मला वाटलं राहीलही. मग पान एकदा परत उघडून पाहिलं तर पांढरं झालं. ओसरी, म्हातारा, सगळे.

नव्या पत्त्यावर पान उघडायला वेळ लागला. तिथं 'घरातले आवाज' असा छोटा गठ्ठा आहे. त्यात आत्ता एकूण आठच आहेत. खाली लिहिलं आहे, ध्वनिदाते : दोन.

ऐकलं नाही. आहेत एवढं पाहिलं.

नळ आला, टाक्या भरल्या. कुलसुमबीचा डबा घासून पालथा ठेवला. आरतीला फोन केला, सहा मिनिटं बोललो. ती म्हणाली, काय बाबा, आज एवढं? काय बोललो ते आता आठवत नाही, पण कूलरचं पातं नीट करून घ्या असं तिनं म्हटलं आणि मी नाही म्हणालो.

जेवून परत ते पान उघडलं. ऐकायच्या बटनाशेजारी वाचायचं बटन आहे. इतके दिवस ते होतंच. दाबलं. वाक्य आलं, 'पाहुण्यांनी आपले जोडे बाहेर काढावेत.' मी चष्मा लावला, घसा साफ केला. बाहेर त्रेचाळीसचं ऊन होतं.

मग उठून कूलर बंद केला, आणि थेंब सुरू होईपर्यंत खाटेवर बसून राहिलो.